दोन बोटं जास्त

"अजून टाक. वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही असं वाटलं पाहिजे," अनुया म्हणाली, आणि सुजितने जुन्या पायमोज्यात भरलेली मुलतानी माती आनंदाच्या लेथवर आणखी दोनदा झटकली.

आनंदा बाजूला उभा राहून बघत होता. सकाळी साडेसहाला येऊन त्याने ही मशीन डिझेलच्या बोळ्याने पुसली होती, घरून आणलेल्या टूथब्रशने तिचे कानेकोपरे घासले होते. एकतीस वर्षांत तिची एवढी बडदास्त कधी ठेवली नव्हती, खंडेनवमीलाही नाही. शूटिंग आहे म्हटल्यावर माणूस आंघोळ करतो, मग मशीनलाही घालावी, असा त्याचा साधा हिशेब. आता पंधरा मिनिटांत ती अशी दिसायला लागली होती, की तिच्यावर कोणी काम करत होतं हे सांगूनही पटलं नसतं.

"मॅडम, चालू मशीनवर धूळ नाय बसत," तो शेवटी म्हणाला. "माणूस काम करतोय म्हंजे मशीन पुसलेली असनार ना?"

"काका, हे आत्ताचं काम नाहीये. ही त्याची आठवण आहे," अनुयाने समजावलं. "आठवणीवर धूळ असते."

आनंदाच्या आठवणींवर तेल होतं, धूळ नव्हती. पण हे मॅडमना कुठल्या तोंडाने सांगणार?

आनंदनगर एमआयडीसीतल्या या शेडमध्ये पंपांचे सुटे भाग बनायचे. आता ते भाग पलीकडच्या नव्या शेडमध्ये, काचेच्या दाराआडच्या कॉम्प्युटरवाल्या मशिनींवर बनत, आणि इकडे उरली होती ही एक लेथ आणि आनंदा. मशीन सोव्हिएत बनावटीची. समोरच्या पितळी पट्टीवर आरशात पाहिल्यासारखी उलटी अक्षरं होती, ती आजवर कोणालाही वाचता आली नव्हती, त्यामुळे सगळे तिला नुसतं 'रशियन' म्हणत. 'रशियन मोकळी आहे का?' 'रशियन तापली.' सोमवारी उल्हासनगरचा भंगारवाला तिला वजनावर उचलून नेणार होता. आनंदाला त्यानंतर गोडाऊनमध्ये बसायचं होतं, निवृत्तीपर्यंत. काय करत, ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि अशात ही अनुया आली. मॅनेजर देवदत्त साहेबांची पुतणी, बदलापूरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारी. तिची मामेबहीण डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला गेली होती. बदलापुरात हल्ली दर दोन इमारतींमागे एक जण डॉक्टर व्हायला तिकडे जातो, पण बहिणीला सोडायला गेलेली अनुया तिथली रोजची माणसं बघून भारावली आणि माहितीपट काढायचा म्हणून दोनदा परत गेली. तिला अनातोली नावाचा म्हातारा सापडला. जुन्या सोव्हिएत कारखान्यातला लेथवरचा कामगार. तो बटाटे सोलताना, बसची वाट बघताना, गॅलरीत मोजे वाळत घालताना, असं तिने तासन्‌तास चित्रण केलं. फक्त त्या कारखान्याच्या वॉचमनने तिला नऊ दिवस गेटवर उभं करून दहाव्या दिवशी हाकललं. फिल्म तयार झाली तेव्हा पैसे देणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, सगळं सुंदर आहे, पण कामगाराच्या फिल्ममध्ये काम कुठे आहे? फिल्म पाठवायला आठ दिवस उरले होते. तेव्हा देवदत्त काकांना आपली रशियन आठवली.

हवे होते चाळीस सेकंद. मशीन, आणि तिच्यावर चालणारे हात.

हे 'फक्त हात' प्रकरण आनंदाला त्या दिवशी सकाळी कळलं. त्याआधी त्याने सलूनमध्ये जाऊन केस काळे करून घेतले होते आणि अर्ध्या बदलापूर गावाला सांगून ठेवलं होतं. बायकोला, कौसाबाईला, तर तो सोबतच घेऊन आला होता. त्याचं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. कौसाबाईने रशियन पाहिली होती, दर खंडेनवमीला. त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. पण त्या दिवशी मशीन बंद. हळदीकुंकू लावलेली, झेंडूच्या माळा घातलेली, समोर पेढे. चालताना तिने ती एकदाही पाहिलेली नव्हती. शेडमध्ये मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे फोटोसुद्धा नाही. नवरा एकतीस वर्षं रोज सकाळी कुठेतरी जातो आणि संध्याकाळी तेलाचा वास घेऊन येतो, एवढंच तिला त्याच्या कामाबद्दल ठाऊक. सोमवारनंतर तिला मशीन दाखवताही येणार नव्हती. फिल्ममध्ये तरी दिसेल, तिला आणि सगळ्यांना, म्हणून त्याने हो म्हटलं होतं.

"बाहेरचं कोणी आत नको," अनुया सकाळीच म्हणाली होती. "आवाज येतो, सावल्या येतात." तेव्हापासून कौसाबाई काठापदराची साडी नेसून वॉचमनच्या केबिनपाशी बाकड्यावर बसली होती.

"चेहरा नाही तर नाही," आनंदाने मनाची समजूत घातली. "हात तर आपले."

त्याने लोखंडी रॉड चकमध्ये, त्याला पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, धरला, मशीन सुरू केली, आणि पहिला टेक झाला.

"काका, फास्ट होतंय," सुजित कॅमेऱ्यामागून म्हणाला. सुजित कल्याणचा, लग्नांची शूटिंग करणारा. अनुयाच्या फिल्मसाठी किर्गिझस्तानला जाऊन आल्यापासून तो लग्नातही धुकं शोधायचा. "जरा स्लो. म्हणजे कसं, दुःखात."

"दुःखात फीड किती ठेवायचा?" हत्यार पुढे सरकवायच्या वेगाबद्दल आनंदाने खरोखर विचारलं.

सुजितने अनुयाकडे पाहिलं. अनुया म्हणाली, "काका, फीड वगैरे राहू दे. तुम्ही जणू शेवटचं काम करताय, असं करा."

"शेवटचंच तर करतोय."

"हां, तेच. पण ते दिसलं पाहिजे."

दुसरा टेक उन्हामुळे गेला, तिसऱ्यात पलीकडच्या शेडचा भोंगा आला, चौथ्यात आनंदाने सवयीने मायक्रोमीटर काढून माप घेतलं. ते अनुयाला 'फार बिझी' वाटलं. "मोजू नका ना. नुसतं करत राहा." न मोजता नुसतं करत राहणं आनंदाला जमेना. सात टेक झाले, पंपाचे सात शाफ्ट उतरले, सातही मापात. ते बाजूला ओळीने ठेवलेले पाहून सुजित म्हणाला, "काका, तुम्ही तर प्रॉडक्शनच काढताय!" आणि फ्रेममध्ये येतात म्हणून त्याने ते पायाने टेबलाखाली सरकवले.

आनंदाच्या डोक्यात तिडीक गेली. मापात उतरलेल्या जॉबला पाय लावणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. पण देवदत्त साहेब शेजारीच उभे होते. त्याने वाकून शाफ्ट पुसले आणि खिडकीत ठेवले.

जेवायला तो गेटवर गेला. कौसाबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं आणलं होतं.

"मना कवा बोलवतील?"

"बोलवतील."

"झाली का तुमची शूटिंग?"

"सात बार झाली."

"सात? चुकताय काय?"

"मी नाय चुकत. ऊन चुकतं."

कौसाबाईने वर आभाळाकडे पाहिलं. तिला उन्हात काही चूक दिसली नाही.

परत आल्यावर अनुयाने त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. तिच्याही लक्षात आलं असावं, की माणूस नाराज आहे. "काका, या बघा. हे आपले अनातोली. तुम्ही यांचे हात आहात."

पडद्यावर एक गोरा, भला थोरला म्हातारा स्वयंपाकघरात बसून बोलत होता. खाली मराठी अक्षरं येत होती, पण आनंदाचा चष्मा बाहेर डब्याच्या पिशवीत राहिला होता. त्याने नुसतं बघायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत स्टूल पुढे ओढलं. म्हाताऱ्याचा उजवा हात हवेत एक चाक फिरवत होता, थोडं पुढे, मग अगदी किंचित मागे.

"जुनी मशीन. त्या चाकात ढील हाय," आनंदा म्हणाला. "बगा, मागं घेऊन परत लावतोय. आपलीला पन तसंच करावं लागतं."

मग म्हाताऱ्याने डावा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती. दुसऱ्या हाताने त्याने त्या हातावर काहीतरी ओढून चढवल्यासारखं केलं, मनगटापर्यंत, आणि एकदम झटका देऊन सगळा हात पिळवटला.

"हातमोजा," आनंदा पुटपुटला. "हातमोजा घालून चालू मशीनवर गेला. चकनं मोजा पकडला, मोज्यानं बोटं."

अनुया चकित झाली. "काका, तुम्हाला रशियन येतं?"

"नाय. लेथ येते."

शेडमध्ये क्षणभर बरं वाटलं सगळ्यांना. देवदत्त साहेबांनी आनंदाच्या पाठीवर थाप मारली. आनंदाला तर वाटलं, एवढ्या लांबचा माणूस, पण कॅन्टीनमध्ये समोर बसला असता तर अर्धा तास आरामात गप्पा झाल्या असत्या.

ते बरं वाटणं आठव्या टेकपर्यंत टिकलं. सुजितने नुकतंच टिपलेलं चित्रण अनातोलीच्या शेजारी लावून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"अनुया, मॅच नाही होतंय. ह्यांचे हात... म्हणजे, स्किन टोन बघ ना."

"ते करेक्शनमध्ये जाईल."

"कलर जाईल. पण बोटं? त्यांची आठ आहेत. काकांची दहा."

अनुयाने दोन्ही चित्रं पाहिली. चार वर्षं अनातोलीचे हात टिपूनही दुसरे हात निवडताना हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आनंदाची दोन बोटं जास्त होती.

आनंदाने आपल्या हातांकडे पाहिलं. एकतीस वर्षं लेथवर काढून दहाच्या दहा बोटं घेऊन घरी जाणारे टर्नर या एमआयडीसीत किती निघतील, हे त्याने कधी तरी गमतीने मोजलं होतं. त्याच्या एकट्याच्या मिरवायच्या ज्या दोन-तीन गोष्टी होत्या, त्यांतली ही पहिली. ती कमतरता ठरेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सोपं आहे," सुजित म्हणाला, आणि बॅगेतून राखाडी कातडी हातमोजे काढले. "हे घाला काका. रंग पण झाकेल, बोटं पण. आत किती आहेत कोण मोजतंय?"

आनंदाला आधी वाटलं हा गंमत करतोय. त्याने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आत्ता तुमच्याच मानसानं काय सांगितलं?"

"हो काका, पण ते फिल्ममध्ये नंतर येतं," अनुया म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "हे त्याच्या आधीचं आहे."

"आधीचं म्हंजे दहा बोटं व्हती ना त्याला? मंग माजी चालत्यात की."

हे अनुयाला सुचलं नव्हतं. तिने एक सेकंद विचार केला. "पण प्रेक्षकांनी त्याचे आठ बोटांचे हात पहिल्या मिनिटाला पाहिलेत. ते गोंधळतील. आणि रंगाचं काय?"

"आनंदा," देवदत्त साहेब मध्ये पडले, "अरे, चाळीस सेकंदांचा प्रश्न आहे. लांबून हात फिरव नुसता."

"साहेब, तुमीच बोर्ड लावलाय." त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर 'चालू यंत्रावर हातमोजे घालू नयेत' अशी पाटी होती. सुजितने ती सकाळीच वर्तमानपत्राने झाकली होती, कारण ती मराठीत होती.

"मग बंद मशीनवर घाल. आवाज नंतर टाकू," साहेब म्हणाले.

आनंदाने यावर विचार केला. धूळ टाकू दिली, चेहरा सोडला, दुसऱ्याचं नाव घेतलं, दुःखात फीड दिला. आता उरलं होतं ते काम. तेही काढून घेतल्यावर कौसाबाईने नक्की काय बघायचं?

"नाय साहेब. बंद मशीनपुढं हात फिरवायला मी कशाला पायजे?"

"काका, प्लीज," अनुया म्हणाली. "मी नऊ दिवस त्या गेटवर बर्फात उभी होते."

हे खरं होतं, आणि आनंदाला तिची दयाही आली. स्वतःची बायको सकाळपासून गेटवर आहे, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं.

"ठीक आहे. मी करतो," सुजितने हातमोजे चढवले. तो हत्यार धरणाऱ्या टूलपोस्टपाशी उभा राहिला आणि चकजवळ हात नेऊन म्हणाला, "सर, हळू चालू करा ना. एकदम डेड वाटतंय. हाय काय त्यात!"

देवदत्त साहेबांचा हात हिरव्या बटणाकडे गेला. अठरा वर्षं मॅनेजर असलेला माणूस. पण पुतणीपुढे आणि कॅमेऱ्यापुढे माणसाचं काय होतं ते सांगता येत नाही.

बटण दाबलं जायच्या आत आनंदाने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. शेडमधले दिवे गेले, सुजितचा मोठा लाइट गेला, पंखा कुरकुरत थांबला. आनंदाने झाकण उघडलं, तिन्ही फ्यूज काढले आणि पॅन्टच्या खिशात घातले.

"आनंदा!" साहेब ओरडले.

"सोमवारपासनं मशीन तुमची, काय करायचं ते करा. आज माज्या हातात हाय. हितं कुनाचं बोट जानार नाय."

अनुया चिडली होती. "काका, चाळीस सेकंद मागत होतो फक्त!"

"बोट जायला एक लागतो, मॅडम."

आनंदा खिडकीपाशी जाऊन बसला. नोकरीत पहिल्यांदाच त्याने साहेबाचं ऐकलं नव्हतं.

पुढचा तास फिल्मवाल्यांनी वीज न वापरता काम केलं. खिडकीतून येणारं ऊन पुरेसं निघालं. उलट सुजित म्हणाला, हेच जास्त ऑथेंटिक आहे. गिअर न्यूट्रलला टाकून मशीनच्या मागच्या अंगाने चक हाताने फिरवता येतं, ही युक्ती देवदत्त साहेबांनीच सांगितली. त्यामुळे सुजित हातमोजे घालून खिन्नपणे उभा, अनुया कॅमेऱ्यावर, आणि मॅनेजर साहेब इस्त्रीच्या शर्टात मशीनमागे उकिडवे बसून दोन्ही हातांनी किर्गिझस्तानचा कारखाना चालवत आहेत, असं ते दृश्य होतं.

"काका, अजून स्मूद," अनुया म्हणाली.

"अगं, पाठ भरली माझी," साहेब मागून म्हणाले.

साडेचारला सामान आवरलं. अनुयाने जाताना आनंदापाशी येऊन वही उघडली. राग ओसरला होता. ती मुळात चांगली मुलगी होती.

"काका, श्रेयनामावलीत तुमचं नाव टाकते. विशेष आभार म्हणून. पूर्ण नाव सांगा."

"नको मॅडम. त्यात माजं काय हाय?"

"असं कसं, तुमची मशीन आहे."

"मशीन शेठची. तुमच्या त्या मानसाचं नाव हाय ना त्यात? बस झालं." मग तो म्हणाला, "त्याला विचारा कदी फोन झाला तर, त्याच्या मशीनचं पुढं काय झालं."

अनुयाने वही मिटली. हा प्रश्न तिने अनातोलीला चार वर्षांत विचारला नव्हता. ती गाडीत जाऊन बसली.

गाडी गेटबाहेर गेल्यावर आनंदाने फ्यूज परत बसवले. देवदत्त साहेब हात पुसत उभे होते. मनगटापर्यंत ग्रीस लागलं होतं.

"साहेब, माजी बायको बाहेर हाय. सकाळपासनं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या शर्टाकडे. "साडेपाचला मेन बंद कर," ते म्हणाले आणि साबण शोधायला ऑफिसकडे निघून गेले.

कौसाबाई शेडच्या दारात आली आणि चपला काढायला वाकली.

"चपला ऱ्हाऊ दे. कीस लागंल पायाला. लोखंडाचा हाय."

"गेली का ती मान्सं? आन शूटिंग?"

"झाली. हितं उभी ऱ्हा. पदर खोच आधी, घट. हा चश्मा घाल. आन या रेघेच्या पुढं यायचं नाय."

तिने लावणीला उतरताना खोचतात तसा पदर कमरेला खोचला. प्लास्टिकचा मोठा चष्मा नाकावर सरकवला. आनंदाने एका फडक्याने मशीनवरची माती झाडली, तेल सोडलं, कोपऱ्यात उरलेला शेवटचा रॉड चकमध्ये धरून आवळला. किल्ली काढून ठेवली. दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. मग हिरवं बटण दाबलं.

आवाज चढला तशी कौसाबाई अर्धं पाऊल मागे सरकली. हत्यार रॉडला टेकलं आणि काळ्या, गंजक्या लोखंडातून एक पांढरीशुभ्र पट्टी उघडत गेली. वरून निळसर कीस निघाला, लांबच लांब, गुंडाळ्या होत, धूर सोडत. आनंदाचा डावा हात एका चाकावर, उजवा दुसऱ्यावर. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. मध्येच मशीन थांबवून त्याने माप घेतलं.

"किती ऱ्हायलं?" तिने मोठ्याने विचारलं.

"केसायेवढं."

"तेवढं सोडलं तर नाय का चालनार?"

"पंप हलतो मंग. आवाज करतो."

त्याने मशीन पुन्हा चालू करून शेवटचा हात फिरवला. आता चकाकत्या रॉडवर खिडकी उमटली होती, आणि तिच्यापुढे उभी असलेली चष्म्यातली बाई, लांब ताणलेली.

"एवढंच?" कौसाबाई म्हणाली.

"एवढंच."

"याला एकतीस वर्सं?"

"हां."

तिने रॉडकडे बोट केलं. "आन ह्ये कुठं जायचं?"

"पंपात. आपल्या शेतावर व्हता ना, हिरीवर, त्याच्यात पन हितलाच शाफ्ट व्हता. मीच केल्याला."

कौसाबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या पंपावर तिने अकरा वर्षं वाल आणि भेंडी भिजवली होती, शेताचे प्लॉट पडेपर्यंत.

"मंग सांगायचं ना," ती म्हणाली.

त्याने लाल बटण दाबलं. मोटर बंद झाली, पण चक लगेच थांबत नाही. एवढं वजन एकदा फिरायला लागलं की त्याला वेळ लागतो. चक हळू झालं, मग त्याचे तीन जबडे वेगवेगळे दिसायला लागले, मग ते मोजता येतील एवढे सावकाश झाले, आणि शेवटचा एक फेरा अर्ध्यावर सोडून थांबले.